युझेस ते एक्स: रोमन पाण्याच्या मागावर सहा दिवस

रोमनांनी युरोपला काय दिलं, हे शोधायला बहुतेक प्रवासी रोमला जातात. ते योग्यच आहे. पण राजधानीत भव्य घुमट उभारणं वेगळं आणि जिंकलेल्या मुलखातल्या एका मध्यम शहराला बारमाही वाहतं पाणी पुरवणं वेगळं. हे दुसरं काम पाहायचं असेल तर दक्षिण फ्रान्समध्ये यावं. ‘प्रोव्हान्स’ हे नावच लॅटिन ‘प्रोविंकिया’वरून, म्हणजे ‘प्रांत’ या शब्दावरून आलं आहे. इथल्या रोमन वास्तूंमध्ये कुणी राहिलं, कुणी त्यांवरून गाड्या नेल्या, कुणी त्यांत घोडे बांधले, म्हणून त्या उभ्या राहिल्या. ज्यांचा उपयोग संपला त्यांचे दगड शेजारच्या भिंतींत गेले. सहाही दिवस ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर काय पाहायचं हे आपोआप कळत जातं.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या चुनखडीच्या दगडावर ऊन इतकं तापतं की दुपारी उघड्या जागी उभं राहवत नाही. मुक्काम नीम इथे तीन रात्री, मग आर्ल आणि ओरांजला एकेक. नीम, आर्ल, आव्हिन्यों आणि ओरांज रेल्वेने जोडलेली आहेत. शेवटच्या दिवसासाठी मात्र गाडी भाड्याने घ्यावी लागते. इथे ‘मिस्त्राल’ नावाचा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, त्यामुळे वसंतातही एक जाड जॅकेट हवंच.

पहिला दिवस: युझेस, उगमापाशी

नीमहून बसने तासाभरात युझेस येतं. बुधवारी किंवा शनिवारी आलात तर चौकात बाजार भरलेला असतो, पण आजचं काम गावाखालच्या अल्झों नदीच्या खोऱ्यात आहे. गावातून उतारावरच्या पायवाटेने अर्ध्या तासात तळाशी पोचता येतं. झाडांच्या सावलीत ‘फॉन्तेन द्यूर’ हे झरे आहेत. पाणी थंड, स्वच्छ आणि चुनखडीने भरलेलं. हा चुनखडीचा मुद्दा उद्या महत्त्वाचा ठरणार आहे.

नीम शहराला स्वतःचा झरा होता, त्याच्या देवतेवरूनच शहराचं नाव नेमाउसुस पडलं. पण उन्हाळ्यात तो आटायचा आणि वाढत्या वस्तीला पुरायचा नाही. म्हणून पहिल्या शतकाच्या मध्याला हे दूरचं पाणी आणलं गेलं. उगम समुद्रसपाटीपासून सुमारे ७१ मीटरवर आणि नीममधला शेवटचा हौद सुमारे ५९ मीटरवर. सरळ रेषेत अंतर २० किलोमीटर, पण मधे टेकड्या, म्हणून कालवा वळसा घालून जवळपास ५० किलोमीटर धावतो. ५० किलोमीटरला साडेबारा मीटर उतार, म्हणजे किलोमीटरला जेमतेम वीतभर. पंप नाही, दाब नाही, पाणी केवळ उताराने जातं. उतार कुठे जास्त झाला तर पाणी गिलावा खरवडतं, कमी झाला तर साचून काठावरून सांडतं.

हा उतार मोजायला ‘कोरोबातेस’ नावाचं साधन होतं: वीस रोमन फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीचं लाकडी बाक. दोन्ही टोकांना ओळंबे सोडलेले आणि पायांमधल्या आडव्या पट्ट्यांवर उभ्या खुणा. दोन्हीकडचे ओळंबे खुणेवर आले की बाक सपाटीत. वारा असला की ओळंबे हलतात. अशा वेळी बाकाच्या माथ्यावरच्या पाच फूट लांब चरात पाणी ओतायचं आणि ते दोन्ही काठांना सारखं टेकलं की सपाटी साधली, असं व्हित्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने लिहून ठेवलं आहे. मिस्त्रालच्या मुलखात हा चर किती उपयोगी पडत असेल, याची कल्पना त्या खोऱ्यात उभं राहिलं की येते.

झऱ्यांपासून थोड्या अंतरावर नियंत्रणाचा हौद उघडा करून ठेवला आहे. इथून कालव्यात किती पाणी सोडायचं ते ठरे आणि जादाचं नदीत परत जाई. बहुतेक लोक इथे डबा खाऊन पाच मिनिटांत निघतात. हौदाच्या दगडी बाजू मात्र जवळ जाऊन पाहाव्यात. पुढच्या ५० किलोमीटरचा कारभार इथल्या पाणी सोडायच्या दारांवर चाले.

दुसरा दिवस: पाँ द्यु गार

हा दिवस पूर्ण याच पुलाला द्यावा. नीम आणि आव्हिन्यों या दोन्ही ठिकाणांहून बस येते. सकाळी लवकर डाव्या काठावरून सुरुवात करावी, तेव्हा ऊन पुलावर आडवं पडतं आणि दगडांवरच्या खुणा उठून दिसतात.

गार्दों नदीवरचा हा तीनमजली पूल पाण्यापासून जवळजवळ ४९ मीटर उंच आहे. खालच्या मजल्यावर ६ कमानी, मधल्यावर ११ आणि वरच्यावर आज उरलेल्या ३५ छोट्या कमानी. सर्वांत रुंद कमानीचा गाळा सुमारे साडेचोवीस मीटर. मोठे दगड सहा-सहा टनांचे, आणि खालच्या दोन्ही मजल्यांत ते चुन्याशिवाय, केवळ नेमक्या घडणीवर आणि वजनावर बसवलेले. खाण हाकेच्या अंतरावर, नदीकाठीच सुमारे ७०० मीटरवर होती. एवढा दगड लांबून वाहून आणावा लागता तर हे काम परवडलंच नसतं.

आता कमानीच्या पोटाखाली उभं राहून वर पाहावं. खालच्या मजल्यावरची प्रत्येक कमान ही खरं तर शेजारीशेजारी उभ्या केलेल्या चार सुट्या कमानी आहेत, मधल्या मजल्यावर तीन. त्यांचे दगड एकमेकांत गुंतवलेले नाहीत, मधली सरळ भेग खालून स्पष्ट दिसते. यात दोन फायदे होते. कमान बांधताना खाली लाकडी साचा लागतो. चारही कडा एकदम बांधायच्या तर साचा चौपट रुंद आणि चौपट जड. एकेक कड बांधली की तोच साचा बाजूला सरकवून पुढची कड उभारता येते. दुसरं म्हणजे पाया थोडा बसला तर प्रत्येक कड आपापली हलते, सगळ्या कमानीला तडा जात नाही.

भिंतीतून बाहेर आलेले दगडाचे ठोकळे सगळ्यांच्या नजरेत भरतात. साचे आणि पहाड (गवंड्यांना उभं राहायचं लाकडी मचाण) यांचा भार घेण्यासाठी ते ठेवले होते. सुंदर दिसावा म्हणून बांधलेल्या इमारतीवर ते शेवटी तासून टाकले असते. इथे ठेवले, कारण दुरुस्तीला पुन्हा पहाड बांधावा लागणारच होता. काही दगडांवर रोमन गवंड्यांच्या खुणाही आहेत: दर्शनी बाजू, डावी, अमुक क्रमांक. दगड खाणीतच घडवून क्रमांक टाकून आणायचा आणि जागेवर फक्त बसवायचा, ही पद्धत त्यावरून उघड होते. त्याच दगडांवर पुढच्या शतकांतल्या फ्रेंच पाथरवटांनीही आपली नावं आणि हातोडी-छिन्नीची चित्रं कोरली. उमेदवारीच्या भटकंतीत हा पूल पाहून जाणं ही त्यांच्या धंद्यातली रीत होती. अठराव्या शतकातली अक्षरं रोमन खुणांपेक्षा फार खोल आणि डौलदार, त्यामुळे दोन्हींतला फरक लगेच कळतो.

वरच्या मजल्यावर पाण्याची नाली आहे. ती मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, जागा मोजक्या असतात, म्हणून आल्याबरोबर आधी तिची चौकशी करावी. नाली सुमारे १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच, वर दगडी फरश्यांचं झाकण. आतून गिलावा चुना आणि विटांच्या चुऱ्याचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना आणि धरणांना वापरली ती चुना-सुरखीच. भाजलेल्या मातीची पूड चुन्यात मिसळली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो, नुसता चुना होत नाही.

पण नालीत गिलाव्याआधी नजरेत येतो तो त्यावर चढलेला दगडासारखा थर. उगमाच्या पाण्यातली चुनखडी वाटेत भिंतींवर बसत गेली. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉईलवर जो पांढरा थर चढतो, तोच हा प्रकार, फक्त शतकानुशतकं चाललेला. काही ठिकाणी एकेका बाजूला ४० सेंटीमीटरहून जास्त जाडी आहे, म्हणजे पाण्याला वाट अर्ध्याहूनही कमी उरली. थराचा छेद नीट पाहावा. आतला, म्हणजे आधीचा भाग एकसारखा आणि फिकट आहे, नाली झाकलेली आणि पाणी निर्मळ असताना बसलेला. बाहेरचा भाग सच्छिद्र, मळकट, मुळांच्या खुणांचा. फरश्या फुटल्या, माती आणि झाडं आत आली, साफ करायला कुणी उरलं नाही, हे सगळं त्या काही सेंटीमीटरांत दिसतं. दिवसाला २० ते ४० हजार घनमीटर वाहणारं पाणी अशा तऱ्हेने कमी होत सहाव्या शतकाच्या सुमारास थांबलं. पुढे गावकऱ्यांनी हा थरही खणून काढला आणि परिसरातल्या काही जुन्या चर्चच्या भिंतींत बांधकामाचा दगड म्हणून वापरला.

रोमनांच्या हातूनही चुका झाल्या. पुलाच्या आधीच्या टप्प्यात उतार मुद्दाम जास्त ठेवला होता, म्हणजे पूल थोडा बुटका बांधून चालावा. त्याची किंमत अशी की पुढच्या टप्प्यांना फारच कमी उतार उरला. पाणी सोडल्यावर ते काठावर चढू लागलं आणि नालीच्या भिंती बराच लांबवर उंच कराव्या लागल्या. भिंतीतला जोड कुठे आहे हे मार्गदर्शकाला विचारलं तर तो दाखवतो.

पाणी थांबल्यावर हा पूल वाचला तो रस्ता म्हणून. मधल्या मजल्याच्या खांबांशेजारून माणसं आणि जनावरं नदी ओलांडत. वाट रुंद करायला खांब कापले गेले. १६२२ च्या सुमारास द्युक द रोआं या सरदाराने तोफा नेण्यासाठी एका बाजूने खांबांची जवळजवळ तिसरा हिस्सा जाडी काढून टाकली आणि पूल धोकादायक रीतीने कलू लागला. १८ व्या शतकाच्या सुरुवातीला खाचा पुन्हा भरल्या गेल्या. मग १७४३ ते १७४७ मध्ये आंरी पितो या अभियंत्याने खालच्या मजल्याला चिकटून, त्याच मापाच्या कमानींचा नवा रस्त्याचा पूल बांधला. आज पर्यटक चालतात तो हाच. वाहत्या पाण्याचा वेग मोजणारी आणि आज विमानांवर हवेचा वेग मोजायला बसवतात ती ‘पितो नळी’ याच माणसाची. रोमन पाण्याच्या पुलाला हात लावायला याच्याहून योग्य माणूस मिळणं कठीण होतं.

दुपारनंतर वेळ उरला आणि गाडी असली तर काही किलोमीटरवरच्या सेर्नाक गावाजवळचे बोगदे पाहावेत. कालवा टेकडीतून नेण्यासाठी खोदलेले हे बोगदे माणसाला आत शिरता येईल असे आहेत. टॉर्च आणि मळले तरी चालतील असे कपडे हवेत. भिंतींवर टिकावाचे घाव तिरके उमटले आहेत. घाव कोणत्या बाजूला झुकले आहेत यावरून खोदणारा कोणत्या दिशेने येत होता हे कळतं.

तिसरा दिवस: नीम

सकाळी पहिल्यांदा रू द ला लाँपेझवरचा ‘कास्तेल्लुम’ गाठावा. तो रस्त्याकडेला कठड्यामागे आहे, तिकीट नाही आणि गर्दीही नाही. ५० किलोमीटर आलेलं पाणी इथे साडेपाच मीटर व्यासाच्या गोल हौदात पडे. समोरच्या भिंतीत सुमारे ४० सेंटीमीटरची दहा गोल भोकं आहेत, त्यांतून शिशाचे नळ शहराच्या वेगवेगळ्या भागांत जात. तळातली तीन भोकं हौद रिकामा करून गाळ काढण्यासाठी. १८४४ मध्ये हा हौद सापडला. रोमन जगात असे वाटपाचे हौद फार थोडे शिल्लक आहेत, पाँपेईचा दुसरा. आजच्या कोणत्याही शहरात उंच टाकीपासून विभागवार फुटणाऱ्या मुख्य वाहिन्या असतात, त्यांची मूळ रचना इथे उघड्यावर पाहायला मिळते. आमच्या मते सबंध शहरातली ही सर्वांत मोलाची जागा आहे.

तिथून उतरत मेझों कारेपाशी यावं. पहिल्या शतकाच्या अगदी आरंभीचं हे मंदिर जवळपास संपूर्ण उभं आहे. चढायला पंधरा पायऱ्या, विषम संख्येच्या. उजव्या पायाने चढायला लागलं की मंदिराच्या जोत्यावरही उजवाच पाय पडतो. खांब तीस, पण मोकळे फक्त पुढच्या मंडपातले दहा. उरलेले वीस भिंतीत अर्धे बुडवलेले. ग्रीक मंदिराला चारही बाजूंनी प्रदक्षिणेचा मंडप असतो. रोमनांनी दर्शनी बाजूच महत्त्वाची केली आणि मंडपाचा उरलेला भाग गाभाऱ्यात सामावून टाकला.

आता दर्शनी कपाळपट्टीकडे पाहावं. तिथे अक्षरं नाहीत, फक्त भोकं आहेत. काशाची अक्षरं खिळ्यांनी ठोकलेली होती, ती कधीच काढून नेली गेली. १७५८ मध्ये नीमच्याच जाँ-फ्राँस्वा सेगिए या विद्वानाने नुसत्या भोकांच्या मांडणीवरून मजकूर उभा केला: सम्राट ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायुस आणि लुकियुस यांना हे मंदिर अर्पण केलं होतं. कोणत्या अक्षराला किती आणि कुठे खिळे लागतात हे जुळवत जायचं, आणि एकच भोकं दोन अक्षरांना बसली तर लॅटिन व्याकरणाने निवाडा करायचा. दुर्बीण असेल तर ती इथे काढावी.

या इमारतीत पुढे नगरप्रमुखांची कचेरी होती, तबेला होता, मठाचं चर्च होतं, दफ्तरखाना होता. आणि अटलांटिकपलीकडे तिचं एक रूप उभं राहिलं. थॉमस जेफरसनने १७८५ मध्ये व्हर्जिनिया राज्याच्या विधानभवनासाठी हाच नमुना निवडला, तोही इमारत प्रत्यक्ष पाहण्याआधी, चित्रांवरून. क्लेरिसो या फ्रेंच वास्तुकाराच्या मदतीने तयार केलेली प्लास्टरची प्रतिकृती त्याने बोटीने अमेरिकेला धाडली. खांबांच्या डोक्यावरची गुंतागुंतीची कोरिंथियन पानं कोरणारे कारागीर तिकडे मिळणं अवघड, म्हणून सोपी आयोनिक वळणं घेतली. खांब, त्रिकोणी माथा आणि उंच जोतं म्हणजे सरकार, ही अमेरिकन कचेऱ्यांची आणि न्यायालयांची सवय रिचमंडच्या त्या इमारतीपासून पसरली.

दुपारी आरेना, म्हणजे खेळ आणि झुंजींचा आखाडा: १३३ बाय १०१ मीटर, दोन मजल्यांवर साठ-साठ कमानी, सुमारे २४ हजार माणसं बसतील अशी. आत शिरल्यावर आसनांपेक्षा जिने आणि बोळ पाहावेत. कोणत्या दारातून कोणत्या थराला जायचं हे ठरलेलं, वरच्या थरातली माणसं खालच्या थरातल्यांना वाटेत भेटतच नाहीत, म्हणून गर्दी अडत नाही. या दारांना लॅटिनमध्ये ‘व्होमितोरियम’ म्हणत, कारण त्यांतून माणसं भराभर बाहेर पडत. जेवून ओकण्याच्या खोल्या असा जो अर्थ पसरला आहे तो निखालस चूक. आजचं कुठलंही क्रिकेट किंवा फुटबॉल स्टेडियम याच आराखड्यावर चालतं. वरच्या कडेला भोकं पाडलेले १२० दगडी ठोकळे बाहेर आलेले दिसतील, सावलीच्या कनातीचे वासे त्यांत रोवत. रोमन सत्ता संपल्यावर व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या लोकांनी कमानी बुजवून याचा किल्ला केला, मग आत वस्ती झाली. अठराव्या शतकात सुमारे ७०० माणसं इथे राहत होती. हे लोक आत राहत होते म्हणूनच बाहेरचे दगड शाबूत राहिले.

नीमच्या रस्त्यांतल्या पितळी खिळ्यांवर ताडाला बांधलेली मगर दिसते. ती ऑगस्टसच्या काळातल्या इथल्या नाण्यावरची, इजिप्तवरच्या विजयाची खूण. संग्रहालयात या नाण्याची अर्धुकंही आहेत. सुटे कमी पडले की नाणं सरळ मधोमध तोडून अर्ध्या किमतीला चालवत. एका बाजूला दोन मुखवटे पाठीला पाठ लावून असल्यामुळे तोडल्यावर प्रत्येक अर्ध्यावर एकेक चेहरा यायचा.

चौथा दिवस: आर्ल आणि बार्बेगाल

आर्लला रेल्वेने अर्ध्या तासात पोचता येतं. मंगळवारी येऊ नये, प्राचीन आर्लचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. इथलं आरेना नीमच्या भावंडासारखं, १३६ बाय १०७ मीटर. त्यातही गाव वसलं होतं, दोनशेहून जास्त घरांचं, मध्ययुगीन बुरूज अजून डोकावतात. नीमला वेळ दिला असेल तर इथे लवकर आटपावं आणि नगरपालिकेच्या इमारतीतून खाली क्रिप्तोपोर्तिकुसमध्ये उतरावं. रोमन चौकासाठी जमीन उतरती पडत होती, म्हणून खाली घोड्याच्या नालासारखे दुहेरी कमानींचे बोळ बांधून वर सपाटी केली. आत गारठा आणि ओल असते, बूट घसरणार नाहीत असे हवेत.

वर आल्यावर सेंट त्रोफीम चर्चच्या बाराव्या शतकातल्या दाराशी थांबावं. विजयकमानीची घडण, खांब, शिल्पपट्टी, सगळं रोमन, विषय मात्र अंतिम न्यायनिवाड्याचा. या पाथरवटांना नमुने शोधायला लांब जावं लागलं नाही, गावाबाहेर आलिस्काँच्या स्मशानात रोमन शवपेट्या ओळीने पडलेल्या होत्या. अशाच मंडळींच्या शैलीला पुढे ‘रोमनेस्क’ नाव पडलं.

संग्रहालयात ऱ्होन नदीच्या तळातून २०११ मध्ये वर काढलेली ३१ मीटर लांबीची सपाट बुडाची रोमन मालवाहू नाव आहे. तिच्याभोवती फिरायला अर्धा तास ठेवावा.

दुपारनंतर टॅक्सीने किंवा सायकलीने उत्तरेला फाँव्हिएयजवळच्या बार्बेगालला जावं, अंतर दहा-बारा किलोमीटर. रस्त्याच्या कडेला जलसेतूचे पडके खांब दिसतात. दोन कालवे शेजारीशेजारी आले आहेत: एक आर्ल शहराकडे वळतो, दुसरा सरळ खडक फोडून टेकडीच्या कडेला जातो आणि एकदम खाली उतरतो. त्या उतारावर दोन रांगांत आठ-आठ, अशी सोळा पाणचक्क्यांची पीठगिरणी होती. वरच्या चाकावरून पडलेलं पाणी खालच्या चाकाला, असं तळापर्यंत. दुसऱ्या शतकातलं हे बांधकाम. लाकूड कधीच कुजलं, पण त्यावर चढलेला चुनखडीचा थर उरला आणि त्याच्या उलट्या बाजूवर फळ्यांचे रेषे छापलेले आहेत. त्या थरांच्या अभ्यासावरून असंही दिसलं की गिरणी दरवर्षी काही काळ बंद राहायची. कठडे नाहीत, सावली नाही, फलक मोजके. वरून खाली पाहताना पाय जपून ठेवावा.

गुलाम मुबलक होते म्हणून रोमनांनी यंत्रांकडे दुर्लक्ष केलं, असं अजून लिहिलं जातं. बार्बेगालच्या उतारावर उभं राहून ते वाक्य उच्चारता येत नाही. पाणचक्की रोमनांबरोबर संपलीही नाही: इंग्लंडमध्ये १०८६ च्या जमीन-पाहणीत पाच हजारांहून जास्त गिरण्यांची नोंद झाली.

पाचवा दिवस: ओरांज

आर्लहून आव्हिन्योंमार्गे ओरांज. स्टेशनवरून चालत पंधरा-वीस मिनिटांत नाट्यगृहाची भिंत समोर येते: १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच. रंगमंचामागची भिंत इतकी पूर्ण उभी असलेलं रोमन नाट्यगृह युरोपात दुसरं नाही. प्रेक्षागृह टेकडीच्या उतारात खोदलेलं, त्यामुळे खालच्या कमानींचा खर्च वाचला. १६२२ मध्ये मॉरिस ऑफ नासौने इथे किल्ला बांधायला गावातल्या रोमन इमारती पाडून दगड नेले. नाट्यगृह मात्र तटबंदीचाच भाग झालं होतं म्हणून सुटलं. १८६९ पासून इथे पुन्हा उन्हाळी गायन-नाट्याचे प्रयोग होतात. वरच्या शेवटच्या ओळीत बसून खाली कुणालातरी नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावं, शब्द स्पष्ट येतात.

लोक नाट्यगृह पाहून परत फिरतात. तसं करू नये. रस्त्यापलीकडच्या संग्रहालयात संगमरवरावर कोरलेलं जमिनीचं दफ्तर आहे, म्हणजे रोमन सातबाराच म्हणायला हरकत नाही. सम्राट व्हेस्पासियनच्या आज्ञेने ७७ साली ते लावलं गेलं, कारण वसाहतीची सरकारी जमीन खाजगी माणसांनी बळकावली होती. मोजणीदारांनी सगळं मैदान सुमारे ७१० मीटरच्या चौकोनांत आखलं, प्रत्येकात २०० युगेरा (जमिनीचं रोमन माप), म्हणजे साधारण १२५ एकर. दोन मुख्य रेषा, त्यांच्या उजवी-डावीकडे आणि अलीकडे-पलीकडे किती चौकोन मोजायचे ते लघुरूपात कोरलेलं: ‘डावीकडे अमुक, अलीकडे अमुक’ एवढ्यावर गट सापडतो. खाली निवृत्त सैनिकांना दिलेली जमीन किती, भाडेपट्ट्याची किती आणि भाडं किती, मूळच्या त्रिकास्तिनी जमातीला परत केलेली किती. परत केलेली जमीन कोणत्या प्रतीची होती हे वाचलं की जिंकणाऱ्यांनी चांगलं काय स्वतःकडे ठेवलं ते लख्ख दिसतं. ऱ्होनच्या मैदानातले काही बांध आणि रस्ते अजून त्याच आखणीत आहेत.

गावाच्या उत्तरेची तीन दारांची कमान संध्याकाळच्या उन्हात पाहावी. मध्ययुगात तिचाही बुरूज झाला होता. सत्ताधीशाच्या नावाने मोकळ्या रस्त्यात कमान उभी करायची ही कल्पना रोमनांची. ती फिरत फिरत १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत आली.

सहावा दिवस: पाँ ज्युलियें आणि एक्स

सकाळी आव्हिन्योंहून गाडी घेऊन बोनियोच्या दिशेने निघावं. काल्व्हों नदीवरचा तीन कमानींचा पाँ ज्युलियें हा इटलीला स्पेनशी जोडणाऱ्या व्हिया दोमितिया महामार्गावरचा पूल, इ. स. पू. ३ मधला. खांबांच्या डोक्यावर कमानींच्या मधोमध आरपार मोकळ्या खिडक्या आहेत. पुराचं पाणी चढलं की ते भिंतीला ढकलण्याऐवजी त्यांतून निघून जातं. २००५ पर्यंत या पुलावरून मोटारी जात होत्या. मग शेजारी नवा पूल झाला, आता यावरून पायी आणि सायकलवाले जातात. उन्हाळ्यात नदी जवळजवळ कोरडी असते, तेव्हा खाली उतरून खांबांचा पाया खडकावर कसा टेकवला आहे ते पाहता येतं.

तिथून तासाभराहून थोडं जास्त दक्षिणेला एक्स-आं-प्रोव्हान्स. ‘एक्स’ म्हणजे लॅटिन ‘आक्वे’, पाणीच: इ. स. पू. १२२ मधलं आक्वे सेक्स्तिये. इथे दगडांपेक्षा कायदा पाहायचा आहे. न्यायमंदिरासमोर पोर्तालिस यांचा पुतळा आहे. क्रांतीआधीचा फ्रान्स कायद्याने दुभंगलेला होता: उत्तरेत रूढी, दक्षिणेत ‘लिखित कायदा’, म्हणजे रोमन. नेपोलियनने १८०४ ची नागरी संहिता लिहायला चार जण नेमले, दोन उत्तरेचे, दोन दक्षिणेचे. एक्समध्ये वकिली केलेले पोर्तालिस त्या दक्षिणेच्या दोघांपैकी.

त्या संहितेतलं ६४० वं कलम या सहलीला अगदी जुळतं. वरच्या जमिनीवरून माणसाचा हात न लागता आपोआप वाहत येणारं पाणी खालच्या जमिनीने घेतलंच पाहिजे. खालच्याने बांध घालून ते अडवायचं नाही, वरच्याने काही करून त्याचा जोर वाढवायचा नाही. सहाव्या शतकातल्या रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायद्याच्या संकलनात पावसाच्या पाण्यावर आख्खं प्रकरण आहे, त्याचंच हे सार. शेताच्या बांधावरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या दोन वाक्यांचं मोल सांगायला नको.

हा धागा गोव्यातही येतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता फ्रेंच संहितेच्या वळणावर बेतलेली, ती १८७० पासून गोव्यात लागू झाली. मृत्युपत्राने सगळी मिळकत वाटेल त्याला देता येत नाही, हक्काच्या वारसांचा अर्धा हिस्सा राखीवच राहतो, हा गोव्यातला ‘लेजितिमा’ रोमन कायद्यातला आहे, शब्दासकट. जस्टिनियनने ५३६ मध्ये हा हिस्सा मुलांच्या संख्येप्रमाणे तिसरा किंवा अर्धा ठरवला होता. पती-पत्नीची सामाईक मालकी मात्र रोमन नाही, ती इतर युरोपीय रूढींतून त्याच संहितेत आली. दोन्ही गोष्टी सरसकट ‘रोमन’ म्हणून सांगितल्या जातात, तेवढं टाळावं.

संध्याकाळी कूर मिराबो या झाडांच्या रस्त्याने चालत यावं. मधोमध शेवाळाने पूर्ण झाकलेलं एक कारंजं आहे, हिरव्या ढिगासारखं. त्यात गरम झऱ्याचं पाणी येतं आणि त्यातल्या चुनखडीवर शेवाळ वाढत राहिलं आहे. हात घालून पाहावा, पाणी कोमट लागतं. थंडीच्या सकाळी त्यातून वाफ निघताना दिसते.